नोकरी गेल्यानंतर : गिरणगावाचा धडा

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने आम्हाला विषय दिला आहे तो नोकरीचा. पण नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. नोकरी गेल्यावर काय करावे हे फारसे कोणी सांगत नाही. आज या मंडपात असे अनेक पालक बसले आहेत की ज्यांच्या घरात गेल्या काही वर्षांत कोणाची ना कोणाची नोकरी गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईतली एक मोठी विमान कंपनी बंद पडली आणि हजारो माणसे एका रात्रीत घरी बसली. २०२० च्या टाळेबंदीने किती हॉटेले, दुकाने, लहान कारखाने बुडवले याची मोजदाद नाही. संगणकावर काम करणारी शिकलेली मुलेही आता सुरक्षित नाहीत. म्हणून या विषयाला आज तोंड फोडणे आम्हाला गरजेचे वाटते.

मात्र हा प्रसंग आपल्या समाजावर प्रथमच आलेला नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा मुंबईच्या कापड गिरण्यांत होते. त्यांच्यावर जे गुदरले त्यातून काय शिकायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

गिरणगावात काय घडले

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला निघाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, नायगाव, डिलाईल रोड या भागात साठाच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसे आली, चाळींतून राहिली. आपली माणसेही आली. गावची महारकी सोडून रोख पगार घेणारी पहिली पिढी ती हीच. गिरणीच्या भोंग्याने आपल्या घरात शाळेची फी आणली, वर्तमानपत्र आणले, आणि चळवळीला वर्गणीही आणली. हे ऋण विसरता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. १९८३ साली केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. बाकीच्यांपैकी काही गिरण्या निम्म्या कामगारांवर चालल्या, काही आजारी म्हणून जाहीर झाल्या, काहींना कायमचे टाळे लागले. संपाने गिरण्या बुडाल्या असे सर्रास म्हटले जाते. परंतु जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा आणि गिरणीपेक्षा गिरणीच्या जमिनीला आलेली किंमत ही कारणे संपाच्या आधीपासून आणि संपानंतरही काम करीत होती. १९९१ साली जमिनीच्या विकासाचा नियम आला, २००१ साली तो बदलला, आणि चिमण्यांच्या जागी मॉल व काचेची कार्यालये उभी राहिली. कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. त्यांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तोवर कितीतरी अर्जदार हयात नव्हते.

कोणाला काम मिळाले आणि कोणाला नाही

आता मुद्द्याकडे येतो. गिरणी सुटल्यावर सगळ्यांची स्थिती सारखी झाली नाही. ज्याला साचा चालवता येत होता तो भिवंडीला किंवा इचलकरंजीला गेला. तिथे बारा-बारा तासांची पाळी होती, पगार कमी होता, पण हातातल्या कलेला गिऱ्हाईक तरी होते. ज्याने जन्मभर रिंग खात्यात सूत कातले, त्याला यंत्रमागवाल्याने काय म्हणून घ्यावे? यंत्रमागवाला सूत विकत आणतो, कातत नाही. सहकारी सूतगिरण्या होत्या त्या दूरच्या जिल्ह्यांत, आणि मुंबईतला पगार तिथे मिळणार नव्हता. मग हा माणूस रखवालदार झाला, हमाली करू लागला, रस्त्यावर भाजी घेऊन बसला, नाहीतर गावी परतला.

आणि आपली माणसे कोणत्या खात्यात होती? विद्यार्थी मित्रांनो, हे नीट ऐका. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की, कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर कामगार तोंडाला लावणार नाहीत. म्हणून आपल्या माणसांना कताईच्या खात्यांत, कमी पगारावर ठेवले गेले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते आमच्या माणसांना खुले करा असा आग्रह धरला. पुढे ही बंदी सैल झाली. परंतु गिरणीत भरती होई ती बहुतेक नात्यागोत्यातून व ओळखीतून. बाप ज्या खात्यात, मुलगाही त्याच खात्यात. जुन्या बंदीची सावली त्यामुळे पुष्कळ काळ उरली.

१९३६ साली लिहिलेल्या 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात बाबासाहेबांनी याचे अर्थशास्त्र सांगून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, उद्योगधंदे कधी स्थिर नसतात. त्यांत अचानक बदल होतात, आणि अशा वेळी माणसाला एक धंदा सोडून दुसरा धरण्याची मोकळीक नसेल तर त्याने जगावे कसे? जात ही मोकळीक देत नाही, म्हणून देशातल्या पुष्कळशा बेकारीचे थेट कारण जात हेच आहे. धंदा बदलण्याचे स्वातंत्र्य ही गोष्ट आपल्यासाठी केवळ पोटाची नाही. ते आपल्या मुक्तीचे एक अंग आहे. आजच्या भाषणात एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

हे पूर्वजन्मीचे फळ नव्हे

नोकरी गेलेल्या माणसाला पहिला मार बसतो तो मनावर. तो लोकांत जायचे टाळतो, विहारात येत नाही, घरी चिडचिड करतो. शेजारीपाजारी म्हणतात, नशिबाचा भोग आहे. बंधूंनो, आपण धम्म स्वीकारला तो हा भोगवाद टाकून. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर माणसाचे दारिद्र्य ढकलणाऱ्या विचाराला नकार दिला आहे. गिरणीला टाळे लागले ते मालकाच्या हिशेबाने आणि सरकारच्या धोरणाने. रिंग खात्यातल्या कामगाराने मागच्या जन्मी काही केले होते म्हणून नव्हे. कारण ओळखले म्हणजे उपाय सुचतो. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच.

भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या पोटापाण्याचा विचार केला नाही असे ज्यांना वाटते त्यांनी अंगुत्तर निकायातले दीघजाणू सुत्त पाहावे. कोलीय कुळातला दीघजाणू तथागतांना विचारतो की, आम्ही संसारी, लेकरांबाळांत राहणारे, आमच्या हिताचे काही सांगा. तथागत त्याला चार गोष्टी सांगतात. उट्ठानसंपदा म्हणजे कामातले कौशल्य व उद्योगीपणा. आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्यांची संगत. आणि समजीविता म्हणजे जमाखर्चाचा मेळ घालून जगणे. नोकरी गेलेल्या माणसाला या चारही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात. क्रम मात्र आम्ही थोडा बदलतो, कारण नोटीस हातात पडल्यावर पहिली निकड रक्षणाची असते.

आरक्ख : हक्काचे पैसे आणि कागद

पहिली गोष्ट, घाईने राजीनाम्यावर सही करू नका. कंपनी गोड बोलून सांगते की, काढले असे नको, तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे पुढे नोकरी मिळायला अडचण नाही. पण स्वतःहून दिलेला राजीनामा ही कपात ठरत नाही, आणि कपातीची भरपाईही मग मागता येत नाही. सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि जाणत्या माणसाला कागद दाखवा.

दुसरी गोष्ट, कायदा बदलला आहे हे ध्यानात घ्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. मोठ्या कारखान्यात कपातीसाठी सरकारची परवानगी लागते. ही अट केंद्राच्या कायद्यात पूर्वी १०० कामगारांपासून होती, आता ती ३०० पासून आहे. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतल्या कामगारांचे एक संरक्षण गेले. तरीही वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळाली पाहिजे. शिवाय पुनर्कौशल्य निधीत मालकाने १५ दिवसांचे वेतन भरायचे असून ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे आहे. राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे. आणि वर्षाच्या आत मालकाने पुन्हा भरती काढली, तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यायची आहे. नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिले म्हणून हे हक्क आपोआप जात नाहीत. प्रत्यक्ष काम काय करीत होता हे पाहिले जाते. दाद मागण्यास मुदत असते, तेव्हा उशीर करू नका.

तिसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. पाच वर्षे सेवा झाली असेल तर ती वेगळी मिळते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही ती लागू आहे. हिशेब सोपा आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागले की रोज ८०० रुपये. १५ दिवसांचे १२,०००. दहा वर्षांचे १,२०,०००. हा हिशेब प्रत्येक मुलाने घरी बसून आईवडिलांचा करून पाहावा.

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडचणीत काढावे लागतात, ते आम्ही समजतो. परंतु निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. निवृत्तिवेतनाचाही हिशेब करून सगळे पैसे काढून घेतले, की मागची वर्षे मोजणीतून जातात. जमेल तोवर खाते नव्या नोकरीत वळवून घ्यावे. राज्य विमा योजनेखाली असलेल्यांसाठी बेकारीच्या काळातल्या भत्त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आली. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

हातात आलेली एकरकमी रक्कम फार लवकर संपते. १९९० नंतर ऐच्छिक निवृत्ती घेतलेल्या गिरणी कामगारांचे पैसे कुठे गेले? जुने कर्ज, मुलीचे लग्न, गावचे घर, आणि दामदुप्पट देणाऱ्या योजना. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. भरपाईच्या रकमेतला तो चौथा भाग सहा महिने कोणालाही, भावालाही, देऊ नका.

उट्ठान : नवे काम, नवे कौशल्य

१९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला. कामावरून गेलेल्यांना नवे शिक्षण द्यावे, नव्या कामावर लावावे, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा ऐच्छिक निवृत्तीच्या रकमा देण्यात गेला आणि शिक्षणाच्या वाट्याला फार थोडा आला. पुढे तो निधीच बंद झाला. यावरून धडा हा की, सरकारकडे हक्काने मागावे, पण सरकारची वाट पाहत बसू नये.

काय शिकावे? आमचे मत असे की, जे कौशल्य एकाच कारखान्यापुरते किंवा एकाच यंत्रापुरते आहे त्यावर विसंबू नये. वीजकाम, वेल्डिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, लेथ व संगणकावर चालणारी यंत्रे, रुग्णसेवा, हिशेबाचे काम, अवजड वाहन चालवणे ही कामे एका उद्योगाच्या दाराशी बांधलेली नाहीत. वाहनांचा कारखाना बंद पडला तरी वीजतंत्री इस्पितळात काम करतो. चाळिशीतल्या माणसाने अगदीच अनोळखी धंदा धरण्यापेक्षा आहे त्या हुन्नराच्या शेजारचा हुन्नर शिकावा. भांडारात काम केलेला मालाच्या संगणकीय नोंदी शिकला तर त्याचा अनुभव वाया जात नाही.

साधने आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पुण्याची बार्टी स्पर्धा परीक्षांचे व कौशल्याचे वर्ग चालवते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ लहान धंद्यासाठी कर्ज देते. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने मिळू लागल्या, त्यासाठी किती लढावे लागले हे ज्येष्ठांना ठाऊक आहे. पण जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र नसल्याने या सवलती हातून जातात. ते कागद मुलगा दहावीत असतानाच करून ठेवा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. नोकरी गेल्यावर आपल्या माणसापुढे जे काम सर्वांत आधी येते ते बहुधा कंत्राटी सफाईचे असते. कोणत्याही कष्टाला आम्ही हलके मानत नाही. मात्र हेच काम आपल्यालाच का सुचवले जाते, हा प्रश्न विचारा. भविष्यनिर्वाह निधी नाही, हातमोजे नाहीत, गटारात उतरायला सांगतात, असे काम २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या दलदलीतून बाबासाहेबांनी आपल्याला वर काढले, तिच्यात कंत्राटदाराच्या वाटेने परत जायचे नाही. करावेच लागले तर हक्कांसह करा, संघटित होऊन करा, आणि आपल्या मुलाची ती वहिवाट होऊ देऊ नका. तसेच दारू, जुगार, मटक्याच्या अड्ड्यावर बसण्याचे काम कितीही पैसे देवो, ती सम्यक आजीविका नव्हे. आणि नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा दलाल, मग तो आखातातला असो की मंत्रालयातला, त्याला दारात उभे करू नका.

समजीविता : घरातला तराजू

तराजू धरणारा जसे पारडे किती खाली गेले, किती वर आले ते जाणतो, तसे गृहस्थाने जमाखर्च जाणावा, असे तथागत सांगतात. नोकरी गेली की पहिल्याच आठवड्यात घरातल्या सर्वांना एकत्र बसवून खर्च मांडावा. मुलांपासून लपवू नये. काय कापायचे हे ठरवताना एक गोष्ट मात्र कापू नये, ती म्हणजे शिक्षण.

आम्ही पाहिलेली दोन घरे सांगतो. एकाच चाळीत, एकाच गिरणीतले दोघे. एकाने नववीतला मुलगा शाळेतून काढून पावाच्या भट्टीवर लावला. घरात लगेच पैसे आले, हे खरे. दुसऱ्याच्या पत्नीने खानावळीचे डबे सुरू केले, बाप रात्रपाळीचा रखवालदार झाला, आणि मुलगी बारावी होऊन परिचारिकेचा अभ्यासक्रम करू शकली. पहिला बाप निष्ठुर नव्हता, त्याच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. आज पहिल्या घरातली तिसरी पिढी रोजंदारीवर आहे, आणि दुसऱ्या घरातली तिसरी पिढी अभियांत्रिकीला आहे. गिरणीने एका पिढीची नोकरी घेतली. शाळा सुटली तिथे मात्र पुढच्या दोन पिढ्या गेल्या.

भगिनींविषयी दोन शब्द. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. गिरण्यांनी माणसे कमी करायला घेतली तेव्हा आधी त्याच बाहेर गेल्या, आणि त्यांच्यासाठी कोणी संप केला नाही. पण संपाच्या दिवसांत घरे जगवली ती बायकांनीच. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरातल्या बाईच्या हाताला कौशल्य व तिच्या नावावर खाते असणे हा बेकारीवरचा मोठा विमा आहे.

कल्याणमित्तता : संस्थेचे काम

एकट्या माणसाला कंपनी हाकलून लावते, दहा जण मिळून गेले तर बसायला खुर्ची देते. म्हणून युनियन सोडू नका, नसेल तर करा. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९४२ पासून मजूरमंत्री म्हणून कामगारांसाठी झटले. आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले ते १९४६ साली, त्यांच्याच कारकिर्दीत. कामगार म्हणून असलेले आपले हक्कही त्यांचाच वारसा आहेत.

आपल्या संस्थेपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, संस्थेने नोकरी गेलेल्या सभासदांची व काम देऊ शकणाऱ्या सभासदांची अशा दोन वह्या ठेवाव्यात आणि दर रविवारी वंदनेनंतर त्या पडताळाव्यात. दोन, महिन्यातून एकदा निवृत्त कारकून, शिक्षक, वकील सभासदांनी बसून लोकांचे दाखले, निधीचे अर्ज, कपातीचे कागद तपासून द्यावेत. तीन, जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा ध्वनिक्षेपकावर न घालवता, ज्या घरातली नोकरी गेली त्या घरातल्या मुलांच्या एका वर्षाच्या फीसाठी राखावा. आपल्याकडे पैसा थोडा आहे, पण पहिल्या वर्षी मिळालेला थोडा पैसा पाचव्या वर्षी मिळालेल्या पुष्कळ पैशापेक्षा मोलाचा असतो. त्या पहिल्या घरातल्या नववीतल्या मुलाला तेवढाच पुरला असता.

विद्यार्थी मित्रांनो, दादरला चैत्यभूमीजवळ इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. ती जागाही एका बंद गिरणीचीच. तिथे अभिवादनाला जाल तेव्हा त्या जमिनीवर राबलेल्या माणसांचीही आठवण ठेवा. तुमचा उद्योगही कधी तरी बदलेल, कदाचित बंद पडेल. तेव्हा तुमच्या हातात दुसरा हुन्नर, पेटीत कागद, बँकेत चौथा भाग आणि पाठीशी माणसे असावीत, एवढीच आमची इच्छा आहे. 

नमो बुद्धाय! जय भीम!